घरच्या बागेतली स्वीट पी : पेरणीपासून फुलदाणीपर्यंत

आजचा विषय एका वेलीचा आहे. रोपवाटिकेत तिला स्वीट पी म्हणतात, आणि मराठीतही तेच नाव रुळलं आहे. पुणे, नाशिक, पाचगणी, महाबळेश्वर अशा ठिकाणी जुन्या बंगल्यांच्या कुंपणावर हिवाळ्यात ही वेल अनेकांनी पाहिली असेल. फुलपाखरासारखी फुलं, पांढऱ्यापासून जांभळ्यापर्यंत रंग, आणि संत्र्याच्या फुलांची आठवण करून देणारा, मधाकडे झुकणारा वास. पाहिली अनेकांनी आहे, पण लावून फुलवलेली माणसं त्या मानाने कमी. बियांचं पाकीट आणलं, पेरलं, वेल हिरवीगार वाढली आणि फूल काही आलं नाही, अशी तक्रार आम्ही दरवर्षी ऐकतो. असं का होतं आणि काय केलं म्हणजे होणार नाही, हे आज आपण बघू. व्याख्यानाच्या शेवटी एक सावधगिरीची गोष्ट सांगायची आहे. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी तोपर्यंत जरूर थांबावं.

सुरुवातीला एक साधा फरक लक्षात घेऊ. आपल्याकडे फुलं लावायची ती मुख्यतः देवासाठी, हारासाठी, वेणीसाठी. झेंडू, शेवंती, मोगरा, जास्वंद ही फुलं आपण खुडतो ती देठाशिवाय. त्यामुळे दांडी किती लांब आली हा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नाही. फुलदाणीसाठी फूल लावायचं म्हटलं की हिशेब बदलतो. गुलछडी, ग्लॅडिओलस, जरबेरा यांच्यासारखी लांब दांडी हवी, फूल पाण्यात टिकायला हवं, आणि एकाच झाडाने पुन्हा पुन्हा फुलं द्यायला हवीत. स्वीट पी या तिन्हींत कुठे बसते? दांडी लांब मिळते, पण ती मिळवावी लागते. फुलं पुन्हा पुन्हा येतात, मात्र आपण कापत राहिलो तरच. टिकण्याच्या बाबतीत ती जरा नाजूक आहे, चार-पाच दिवस म्हणजे खूप. बाजारात ती फारशी न दिसण्याचं हे एक मोठं कारण. म्हणजे हे फूल विकत आणण्यापेक्षा घरी लावण्याचं आहे.

ही वेल मूळची कुठली?

वेल कशी वाढवायची हे कळायला ती कुठून आली हे माहीत असावं लागतं. स्वीट पीचं शास्त्रीय नाव लॅथिरस ओडोरॅटस. १७५३ साली लिनियसने ते दिलं. ओडोरॅटस म्हणजे सुवासिक. तिचं मूळ घर दक्षिण इटली आणि सिसिली बेट. सिसिलीत फ्रान्सिस्को कुपानी नावाचे एक फ्रान्सिस्कन साधू होते. वनस्पतींचा अभ्यास हा त्यांचा ध्यास. १६९९ साली त्यांनी या वेलीचं बी इंग्लंडमध्ये एन्फील्ड इथल्या रॉबर्ट युव्हडेल या शिक्षकाला पाठवलं. युव्हडेलला दूरदेशीच्या वनस्पती जमवायचा नाद होता. ती मूळची वेल दोनरंगी होती, वरची पाकळी मरून-जांभळी आणि खालच्या निळसर जांभळ्या. फूल लहान, एका दांडीवर दोन-तीनच, पण वास जबरदस्त. 'कुपानी' या नावाने तसं बी आजही मिळतं.

आता सिसिलीचं हवामान डोळ्यांसमोर आणा. तिथे पाऊस पडतो तो शरद ऋतूत आणि हिवाळ्यात. उन्हाळा कडक आणि कोरडा. त्यामुळे या वेलीने आपलं वेळापत्रक असं बसवलं आहे: उन्हाळाभर बी जमिनीत झोपून राहायचं, पावसाला उगवायचं, थंडीत मुळं खोल न्यायची, दिवस मोठा होऊ लागला की फुलायचं, आणि ऊन तापायच्या आत शेंगा धरून मोकळं व्हायचं. तिचं सगळं वागणं या एका वेळापत्रकात आहे. बी टणक का? उन्हाळ्यात एखादी चुकार सर आली तर त्या भरवशावर उगवून मरायला नको म्हणून. मूळ खोल का? पुढच्या कोरड्या दिवसांची तरतूद म्हणून. आणि फुलायला उशीर का? याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं, कारण आपल्या अपयशाचं मूळ तिथेच आहे.

बारा तासांचा दिवस

स्वीट पी दिवसाची लांबी ओळखते. दिवस पुरेसा मोठा झाला आहे, म्हणजे वसंत आला आहे, असं तिला कळलं की ती कळ्या धरते. मूळ वेलीला आणि तिच्यापासून झालेल्या बहुतेक इंग्लिश वाणांना यासाठी साधारण बारा तासांचा दिवस लागतो.

बारा तासांचा दिवस येतो कधी? विषुवदिनाच्या सुमारास, म्हणजे मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. तो जगभर सगळीकडे त्याच सुमारास येतो, लंडनला तेव्हाच आणि पुण्यालाही तेव्हाच. फरक पडतो तो पुढे. लंडनमध्ये त्यानंतर तीन महिने हवा गार असते, वेलीला फुलायला निवांत वेळ मिळतो. आपल्याकडे तेव्हा होळी झालेली असते किंवा तोंडावर आलेली असते. पारा पस्तिशीकडे निघालेला असतो आणि रात्रीही उबदार होऊ लागतात. वेलीला फुलायचा निरोप मिळतो आणि त्याच पंधरवड्यात ऊन तिला करपवू लागतं. कळ्या गळतात, दांड्या आखूड राहतात, आणि आपण म्हणतो, बी खराब होतं. बी खराब नव्हतं, वाण इथला नव्हता.

पुण्यात वर्षातला सगळ्यांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळी निवड त्यावर आहे. स्वीट पीच्या वाणांचे ढोबळमानाने तीन गट पाडतात. पहिला उन्हाळी गट, त्यांना बारा तास किंवा अधिक लागतात. स्पेन्सर नावाने ओळखली जाणारी मोठ्या झालरदार पाकळ्यांची इंग्लिश फुलं यात येतात. दुसरा वासंतिक गट, त्यांना सुमारे अकरा तास पुरतात. कथबर्टसन आणि मॅमथ या मालिका या गटातल्या. तिसरा हिवाळी गट, जो दहा तासांच्या दिवसातही फुलतो. विंटर एलेगन्स, विंटर सनशाइन ही नावं त्यातली. पाकिटावर कोणताही सुंदर फोटो असो, आधी गट बघा. महाराष्ट्रात मैदानी भागात तिसरा किंवा दुसराच गट घ्यावा. त्यांचा दिवस इथे डिसेंबर-जानेवारीतच पुरा होतो, आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडे थंडी असते.

हे लवकर फुलणारे वाण आले कुठून? अमेरिकेत अँटन झ्वोलानेक या माळ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचघरात ऐन हिवाळ्यात फुलणारे वाण निवडून काढले. तिथल्या फूलबाजाराला नाताळात फुलं हवी होती, त्यासाठी. आज जपानमध्ये, विशेषतः मियाझाकी भागात, हिवाळी स्वीट पीचं मोठं उत्पादन होतं. आपल्याकडच्या लहान दिवसांना उपयोगी पडतात ते या घराण्याचेच वाण.

थोडा इतिहास

इथे थोडं थांबून या फुलाच्या चढत्या काळाबद्दल सांगतो, कारण वाणांची नावं वाचताना त्याचा उपयोग होतो. जवळपास दोनशे वर्षं स्वीट पी लहान आणि साधीच राहिली. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेन्री एकफर्ड नावाच्या माळ्याने श्रॉपशरमधल्या वेम गावात संकर करून फूल मोठं केलं, रंग वाढवले. त्या वाणांना ग्रँडिफ्लोरा म्हणतात. त्यांचा वास सर्वांत चांगला, असं आजही मानतात. पुढे ऑल्थॉर्प इथे स्पेन्सर घराण्याच्या बागेत सायलस कोल या मुख्य माळ्याला लाटांसारख्या पाकळ्यांचं एक गुलाबी फूल मिळालं. 'काउंटेस स्पेन्सर' या नावाने ते १९०१ मध्ये प्रदर्शनात मांडलं गेलं. त्यानंतर इंग्लंडमध्ये या फुलाचं वेडच लागलं. १९११ साली डेली मेल या वर्तमानपत्राने स्वीट पीच्या उत्तम गुच्छासाठी स्पर्धा लावली. पहिलं बक्षीस तब्बल एक हजार पौंड होतं. देशभरातून हजारो गुच्छ लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये आले, आणि पहिलं बक्षीस स्कॉटलंडमधल्या एका धर्मोपदेशकाच्या पत्नीला मिळालं. घरच्या बागेत वाढवलेल्या फुलांनी.

विज्ञानालाही या वेलीने मोठं काही दिलं आहे. केंब्रिजमध्ये विल्यम बेटसन, एडिथ सॉन्डर्स आणि रेजिनाल्ड पनेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्यावर प्रयोग केले. दोन पांढऱ्या फुलांच्या वेलींचा संकर केला तर पुढची पिढी जांभळी निघाली! म्हणजे रंग तयार व्हायला दोन वेगळे घटक लागतात. एका वेलीत एक नव्हता, दुसरीत दुसरा नव्हता. एकत्र आल्यावर सिसिलीचा जुना जांभळा परत आला. शिवाय १९०५ च्या सुमारास त्यांना दिसलं, की फुलाचा रंग आणि परागकणांचा आकार हे दोन गुण पुष्कळदा जोडीने पुढच्या पिढीत जातात. जनुकं एकमेकांना जोडलेली असतात या कल्पनेचा पहिला धागा तो. मेंडेलचा वाटाणा सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या या चुलत बहिणीचं नाव मात्र कुणी घेत नाही.

पेरणी

आता हातात बी घेऊ. वेळ कोणती? पाऊस ओसरल्यावर. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतचा काळ हा आपला पेरणीचा काळ. त्याआधी पेरलं तर परतीच्या पावसात रोपं कुजतात. फार उशिरा, म्हणजे डिसेंबरात पेरलं, तर मुळं खोल जाण्याआधीच ऊन येतं. हिवाळी गटाला पेरणीपासून फुलापर्यंत साधारण अडीच-तीन महिने लागतात, त्यावरून उलटा हिशेब करा.

एक अडचण आहे. ऑक्टोबरात आपल्याकडे ऊन कडक असतं आणि या बीला उगवताना पंधरा-वीस अंशांचा गारवा आवडतो. म्हणून थेट जमिनीत न पेरता उत्तरेकडच्या ओट्यावर किंवा झाडाच्या दाट सावलीत लहान भांड्यांत पेरावं. भांडं रुंद नको, खोल हवं. वर्तमानपत्राच्या सुरळ्या करून त्यात माती आणि कोकोपीट निम्मं निम्मं भरलं तरी चालतं. एका सुरळीत दोन बिया, सुमारे दोन-तीन सेंटिमीटर खोल. कागदासकट रोप जमिनीत लावता येतं, मूळ दुखावत नाही.

बी भिजवावं की नाही? यावर माळ्यांमध्ये वाद आहेत. आमचं सांगणं असं, की रात्रभर ओल्या फडक्यात ठेवा. सकाळी ज्या बिया फुगलेल्या दिसतील त्या तशाच पेरा. ज्या टणकच राहिल्या, त्यांना नखं घासायच्या कानशीने एका बाजूला हलकंसं घासा. मात्र बियांवर जो डोळा असतो, जिथून अंकुर निघतो, ती बाजू सोडून. आतला फिकट भाग नुसता दिसला की थांबा. पाण्यात चोवीस तासांपेक्षा जास्त बुडवून ठेवू नका, बी गुदमरतं आणि कुजतं. पेरल्यावर एकदा नीट पाणी द्या आणि मोड येईपर्यंत माती फक्त ओलसर ठेवा. आठ ते पंधरा दिवसांत उगवण दिसते. उंदरांना हे बी फार आवडतं, तेव्हा वरून जाळी झाका. रोप वर आलं की शंखी गोगलगायीची पाळी येते. संध्याकाळी बॅटरी घेऊन वेचणं हाच उत्तम उपाय.

रोपाला पानांच्या तीन जोड्या आल्या की शेंडा खुडा. इथे अनेकांचा हात थबकतो. वाढणारं रोप कसं तोडायचं? पण शेंडा खुडला की खालून दोन-तीन दणकट फांद्या फुटतात, आणि चांगली फुलं त्यांच्यावरच येतात.

जमीन, कुंडी आणि आधार

रोपं दोन-तीन आठवड्यांची होईपर्यंत जागा तयार ठेवा. जमिनीत लावणार असाल तर फूट-दीड फूट खोल चर खणा आणि त्यात पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. देशावरची काळी माती थोडी अल्कधर्मी असते, ते या वेलीला मानवतं. पण काळ्या मातीत पाणी तुंबतं, ते तिला अजिबात चालत नाही. म्हणून थोडी वाळू किंवा पोयटा मिसळा आणि वाफा जरा उंच करा. कोकणातली जांभी माती आम्लधर्मी, तिथे मूठभर चुना मिसळावा लागतो. गच्चीवर कुंडीत लावायची असेल तर कुंडी किमान फूटभर खोल हवी, दीड फूट असेल तर फारच छान. सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळालं पाहिजे. दुपारनंतर सावली आली तर ती आपल्याकडे फायद्याचीच.

दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. दाट लावली तर हवा खेळत नाही आणि भुरी पडते.

आता आधार. ही वेल सहा फुटांपर्यंत जाते. ती चढते ती दोऱ्यासारख्या ताण्यांनी. पानाच्या टोकाला हे ताणे येतात आणि जे सापडेल त्याभोवती गुंडाळतात. पण जाड बांबूभोवती त्यांना गुंडाळता येत नाही, बारीक काहीतरी लागतं. तुरीच्या तुराट्या यासाठी अप्रतिम! शेतकऱ्याच्या घरी त्या फुकट असतात. वाफ्यात चार-पाच बांबू रोवायचे आणि मधे तुराट्या खोचायच्या, वेल आपोआप वर जाते. शहरात तुराट्या मिळाल्या नाहीत तर बांबूंमध्ये सुतळीचं जाळं विणा. आधार रोप लावायच्या दिवशीच उभा करावा. वेल जमिनीवर लोळायला लागली की दांड्या वाकड्या होतात, आणि वाकडी दांडी फुलदाणीत उभी राहत नाही.

पाणी मुळाशी द्यावं, पानांवर नको. माती आतून ओलसर राहील इतपत, नियमाने. मुळाशी वाळक्या पानांचं आच्छादन केलं तर माती गार राहते, आणि आपल्याकडे गार मुळं म्हणजे आठ-दहा दिवसांचा जास्तीचा बहर. खताच्या बाबतीत हात आखडता ठेवा. ही कडधान्याच्या कुळातली वेल आहे. तिच्या मुळांवर गाठी येतात, आणि त्यांतले जिवाणू हवेतला नत्र तिला मिळवून देतात. वाटाणा आणि मसुरीच्या मुळांवरही याच जातीचे जिवाणू असतात. वरून युरिया दिलात तर पानांचा नुसता पसारा होईल. कळ्या दिसू लागल्यावर पालाश असलेलं पातळ खत पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो. तो बोटांनी चिरडून किंवा पाण्याच्या फवाऱ्याने पाडता येतो. वाढला तर कडुलिंबाच्या तेलाचं पाणी संध्याकाळी फवारा. सुरुवातीच्या कळ्या पिवळ्या पडून गळल्या तर घाबरू नका. रात्र-दिवसाच्या तापमानात मोठा फरक पडला, ढगाळ हवा आली किंवा पाणी जास्त झालं, की असं होतं. पाणी कमी करा, दोन आठवड्यांत गाडी रुळावर येते.

कापणी : देणं हेच टिकणं

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग. फूल कापायला मन होत नाही, वेलीवरच छान दिसतं, म्हणून बरेच जण तसंच ठेवतात. पंधरा दिवसांत वेल फुलायची थांबते. का? वर्षायू वनस्पतीला फूल दाखवायचं नसतं, तिला बी करायचं असतं. चार-दहा शेंगा भरल्या, की तिच्या दृष्टीने काम संपलं. आपण फूल कापतो तेव्हा तिला पुन्हा प्रयत्न करावा लागतो. म्हणून नियम असा, की बहर सुरू झाल्यावर एक दिवसाआड सगळी फुलं कापायची. घरात जागा नसेल तर शेजारी द्या. नजरेतून सुटलेली शेंग दिसली तर तीही काढून टाका. असं केलं तर सहा-आठ आठवडे फुलं मिळतात.

कापायचं सकाळी, ऊन चढायच्या आत. दांडीवरची खालची फुलं उमललेली आणि टोकाची कळी अजून मिटलेली, अशी दांडी निवडा. पूर्ण उमललेली दांडी वेलीवर सुंदर दिसते, पण घरात दोन दिवसांत मान टाकते. कात्री स्वच्छ हवी, दांडी बुडापासून कापावी आणि लगेच पाण्यात ठेवावी. तासभर गार, अंधाऱ्या जागी ठेवून मग फुलदाणीत रचा. पाण्यात चिमूटभर साखर घातली तर फुलं थोडी जास्त टिकतात, पण मग पाणी रोज बदलायला हवं, नाहीतर त्यात जंतू वाढतात.

फुलदाणी कुठे ठेवायची, यालाही महत्त्व आहे. स्वीट पीला एथिलीन नावाचा वायू अजिबात सोसत नाही. पिकणारी फळं हा वायू सोडतात, आणि धुरातही तो असतो. बंद खोलीत धूर करून केळी पिकवायची जुनी रीत आठवा. केळं पिकवणारा हाच वायू या फुलाला म्हातारं करतो. त्यामुळे केळी, चिकू, पपई ठेवलेल्या टेबलावर ही फुलदाणी नको, आणि देवघरात उदबत्तीच्या शेजारीही नको.

सावधगिरी

सुरुवातीला म्हटलं होतं, ती गोष्ट आता सांगतो. स्वीट पीच्या नावात गोडवा आहे, पण तो वासाचा आहे. तिच्या शेंगा वाटाण्याच्या शेंगांसारख्या दिसतात, किंचित केसाळ असतात. त्या खायच्या नाहीत. बिया विषारी आहेत. त्यांत एक असं द्रव्य असतं, जे शरीरातल्या कोलॅजेनची वीण बांधू देत नाही. हाडं, सांधे, रक्तवाहिन्या ज्यावर उभ्या असतात ते हे कोलॅजेन. या बिया खाऊ घातलेल्या प्रयोगातल्या प्राण्यांची हाडं वाकडी झाल्याची नोंद आहे. विदर्भातल्या श्रोत्यांना लाखोळीची डाळ माहीत असेल. तीही याच लॅथिरस प्रजातीतली. दुष्काळात महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून ती खाल्ली तर पायांना लुळेपणा येऊ शकतो. दोन्हींतली विषद्रव्यं वेगळी आहेत आणि आजारही वेगळे, पण घराणं एक आहे.

एखादी बी तोंडात गेली तर लगेच अनर्थ होईल असं नाही. तसं झालं तर उरलेल्या बिया तोंडातून काढा, चूळ भरायला लावा, किती खाल्ल्या याचा अंदाज घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. पण ती वेळ येऊ न देणं सोपं आहे. खायचा वाटाणा आणि स्वीट पी एकाच वाफ्यात लावू नका. लहान मूल बागेत शेंगा सोलून खातं, आणि खावंच, ती गंमत त्याला मिळायला हवी. पण मग कुठली वेल खायची आणि कुठली फक्त हुंगायची हे त्याला वेलीपाशी नेऊन दाखवा. आणि कुणाला बी दिलंत तर 'गोड वाटाणा' असं भाषांतर करून देऊ नका. पुडीवर स्पष्ट लिहा : फुलासाठी, खाण्यासाठी नाही.

श्रोत्यांचे काही प्रश्न

'शेजारी मटार लावला तर संकर होऊन मटार विषारी होईल का?' नाही. दोन्हींच्या प्रजाती वेगळ्या आहेत, त्यांचा असा संकर होत नाही. वाफे वेगळे ठेवायचे ते फक्त शेंगांची गल्लत होऊ नये म्हणून.

'घरचं बी पुढच्या वर्षी चालेल का?' चालेल, आणि बहुधा तसंच फूल येईल. या फुलात कळी उमलायच्या आधीच आतल्या आत परागीभवन होऊन जातं, त्यामुळे सरमिसळ क्वचितच होते. फेब्रुवारीच्या शेवटी कापणी थांबवा, सर्वांत सुदृढ आणि लवकर फुललेल्या दोन वेलींवर शेंगा धरू द्या. शेंगा तपकिरी झाल्या की लगेच काढा, नाहीतर त्या तडकून पिळवटतात आणि बी उडून जातं. कागदी पाकिटात, कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. लवकर फुललेली वेल निवडायला सांगतो ते मुद्दाम. दरवर्षी तसं केलंत तर बी हळूहळू तुमच्या गावचं होत जातं.

'मुंबईत येईल का?' अवघड आहे. रात्रीचा गारवा कमी पडतो. हिवाळी गटातलं बी नोव्हेंबरच्या सुरुवातीला पूर्वेकडच्या खिडकीत लावून बघा, पण दांड्या आखूड राहतील हे धरून चाला. महाबळेश्वर-पाचगणीची उंची सुमारे तेराशे मीटर, तिथे बहर जास्त दिवस टिकतो.

'आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, आम्ही काय करावं?' तुमच्याकडे हे सगळं उलट सोपं आहे. ऑक्टोबरात थंडीपासून आडोसा देऊन पेरा किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरा. स्पेन्सर आणि ग्रँडिफ्लोरा हे तुमच्यासाठीच आहेत, जून-जुलैत मनसोक्त फुलतील.

'पिवळं फूल का मिळत नाही?' कारण या जातीत खरा पिवळा रंगच नाही. सायीसारखा फिकट रंग मिळतो, पण हळदीसारखा पिवळा नाही. तुर्कस्तानात सापडलेल्या एका पिवळ्या चुलत जातीशी संकर करून तो आणण्याचे प्रयत्न माळी लोकांनी केले आहेत.

'मार्चमध्ये वेल वाळली की काय करायचं?' उपटू नका. जमिनीलगत कापा आणि मुळं मातीतच राहू द्या. मुळांवरच्या गाठींमधला नत्र पुढच्या पिकाला मिळतो. त्याच जागी उन्हाळी भेंडी किंवा गवार लावता येते. आणि कॅलेंडरवर घटस्थापनेच्या पानावर आत्ताच एक खूण करून ठेवा, म्हणजे पुढच्या हंगामाचं बी वेळेवर भिजेल.